दुव्याची दोन टोकं आणि एक नांगर

फोंड्याहून प्रश्न आला आहे: ‘लिंकला दुवा का म्हणतात? दुवा म्हणजे आशीर्वाद ना?’

आशीर्वादाचा दुवा अरबी ‘दुआ’चा, हाक मारून मागणं मागण्याचा. साखळीतला दुवा वेगळा. दोन्ही एकच ठरवून ‘लिंक देणारा मराठी माणूस दुवाच देतो’ असं रंगवणारे जाणकार वारंवार भेटतात. ही व्युत्पत्ती नव्हे, उच्चाराचा योगायोग आहे. माझ्या मते इथला ‘दु’ दोनचा. दुपदरी, दुहेरी, दुभाषी यांतला.

हे किती चपखल बसतं बघा. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने (१९९७) लिंकचं वर्णन केलं ते असं: दोन टोकं आणि एक दिशा. टोकांना नाव दिलं अँकर. लिंक लिहिताना जो ‘ए’ टॅग लावतात, तो या अँकरचाच ए. अँकर म्हणजे आपला नांगर, मांडवीत होडी धरून ठेवतो तो! शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’चा, यात वाद नाही. होडीचा मात्र थेट फारसी ‘लंगर’ म्हणून कोशात मोकळे होतात, ते मला पटत नाही. लंगर आला असेल, पण ‘ल’चा ‘न’ का झाला? तळात रुतणारा त्याचा फाळ पाहून मराठीने त्याला शेतातल्या नांगराचं नाव चढवलं, असं मी मानतो.

म्हणूनच ‘अर्जासाठी येथे टिचकी मारा’ वाचून चीड येते. नांगर टाकला कुठे, तर ‘येथे’ या शब्दावर! पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारे अंध वाचक पानावरच्या फक्त लिंकांची यादी ऐकू शकतात. त्यांच्या कानावर पडतं ‘येथे, येथे, येथे’. लिंक ‘घरपट्टीचा अर्ज, पीडीएफ’ या शब्दांना द्या. ‘येथे’ही नको, ‘टिचकी’ही नको.

आणि वेबपानाच्या पत्त्याला दुवा म्हणू नका. पत्ता हे फक्त पलीकडचं टोक. देवनागरी पत्ता कॉपी केला की भयंकर लांबतो, कारण प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि प्रत्येक बाइटमागे टक्क्याचं चिन्ह नि दोन आकडे किंवा अक्षरं. ‘गोवा’ म्हणजे ग, ओकार, व, काना. या चारांची पत्त्यात झाली ३६ चिन्हं. मेसेजमध्ये त्यात एक जरी स्पेस घुसली, तरी लिंक तिथेच तुटते आणि उरलेला पत्ता साधा मजकूर होऊन पडतो.