गुलाबी बोंडअळी आणि बीटी कपाशी: जनुकाची मर्यादा नेमकी कुठे?

"गुलाबी बोंडअळी आता बीटीलाही दाद देत नाही, मग शाश्वत शेतीत जैवतंत्रज्ञानाला स्थान उरले आहे का?" असे आपण विचारले आहे. (बीटी म्हणजे अळीला मारक प्रथिन तयार करणारे जिवाणूचे जनुक घातलेली कपाशी.) माझ्या मते स्थान आहे; मात्र लागवडीची पद्धत चुकलेली असेल, तर तिची भरपाई बियाण्यातले जनुक करू शकत नाही.

भारतात २००२ साली मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीने हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी केल्या, आणि ती अळी आजही बऱ्याच अंशी आटोक्यात आहे. तुडतुडे, मावा, पांढरी माशी या रसशोषक किडींवर मात्र बीटी प्रथिनाचा परिणाम होत नाही.

गुलाबी अळी बोंडात शिरून सरकी खाते, आणि खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे बीटी जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आले. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असल्याने काही दाण्यांत जनुक उतरते, काहींत उतरत नाही, आणि त्यामुळे अर्धवट प्रतिकारक्षम अळ्याही जगून निघतात. त्यात हे वाण लांब मुदतीचे, वर पाण्याची सोय असली की फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून आणखी वेचणी) घेण्याचा मोह. म्हणजे अळीला पिढ्यामागून पिढ्या खाद्य तयार. पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे भोवताली पेरायचे असे, पण "त्या ओळींना अळी लागते" म्हणून ते बहुधा टाकूनच दिले गेले (अळी लागावी यासाठीच त्या ओळी होत्या! तिथे वाढलेल्या, बीटीला बळी पडणाऱ्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षम अळ्यांची पैदास रोखली जावी, हा हेतू होता). २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बियाणेही मग पुरले नाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली.

अमेरिकेत बीटी कपाशीच्या जोडीला वंध्य पतंग सोडणे आणि हंगामानंतर पऱ्हाट्यांचा नायनाट करणे, हे सर्व शेतकऱ्यांनी मिळून केले. २०१८ मध्ये तिथे या किडीचे निर्मूलन जाहीर झाले.

तेव्हा आपल्या कोरडवाहू शेतात कमी मुदतीचे वाण निवडावे, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले) दिसताच तोडून नष्ट कराव्यात आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या 'चोर बीटी'च्या नादी लागू नये. त्या बियाण्याला भारतात मान्यता नाही, आणि त्यातला जादा गुण तणनाशक सोसण्याचा आहे, गुलाबी अळीला रोखण्याचा नव्हे.