एक्स-रे नॉर्मल आला, तरी गुडघ्याचा एमआरआय करावाच लागतो का?

हाड शाबूत आहे, मग एमआरआय म्हणजे पैसे उकळायचा धंदा का, असं तुम्ही विचारलंय. नाही. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, दिसत नाही. हे आमच्या घरात मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलंय.

माझा धाकटा भाऊ तासगावकडं कबड्डी खेळायचा. एका चढाईत पाय मातीत रुतला आणि अंग वळलं. गुडघ्यात ‘टक’ वाजलं, ते शेजारच्या गड्यानंही ऐकलं. रात्रीच्या जेवणापर्यंत गुडघा टम्म फुगला. आमचे चुलते, आप्पा, जुने खेळाडू. घरात त्यांचा शब्द शेवटचा. एक्स-रेत हाड ठीक निघालं. ‘शीर चढलीय’ म्हणत हाडवैद्याकडं नेलं, तेल लावून चोळलं, पट्टा आवळला. सूज उतरताच पोरगं परत मैदानात. मी एमआरआयचं म्हणत होतो, तर ‘चार बुकं शिकला म्हणून आम्हाला शिकवतो काय?’

पुढं साधा जिना उतरताना गुडघा निसटायला लागला, तेव्हा मिरजेला नेलं. डॉक्टरांनी त्याला आडवं करून गुडघा किंचित वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढली. चांगल्या पायाची नडगी जरा सरकून गच्च थांबली. दुखऱ्या पायाची थांबेचना. एमआरआय त्यानंतर. एसीएल म्हणजे नडगीला पुढं सरकू न देणारं, गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. निरोगी एसीएल एमआरआयमध्ये तिरप्या, ताठ काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. भावाच्या गुडघ्यात त्या जागी नुसतं करडं, विस्कटलेलं. शिवाय मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, तीही फाटलेली. सैल गुडघ्यावर खेळत राहिलं की ती अशी चिरडते. एसीएल मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन नवं बसवलं. गादीचा काढलेला तुकडा मात्र परत येत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

आप्पा अजून म्हणतात, ‘आमच्या वेळी कुठं होती मशिनं?’ नव्हती, म्हणूनच त्यांच्या संघातले चांगले चांगले गडी ‘गुडघा गेला’ म्हणून ऐन उमेदीत घरी बसले. पूर्ण तुटलेलं एसीएल चोळून जुळत नाही.

एक आहे, प्रत्येक मुरगळीला एमआरआय लागत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, एकटंच दुखावलं असेल तर बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामावर भरून येतं. अर्धवट फाटलेलं एसीएल एमआरआयमध्येही कधी कधी नीट कळत नाही, त्यामुळं हातानं तपासणारा डॉक्टर हवाच. नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर मशीनमध्ये जायच्या आधी सांगा.

गुडघ्यात आवाज आला होता का, सूज लगेच चढली की दुसऱ्या दिवशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना आधी तेच सांगा. आणि घरातलं कुणी ‘थोडं चोळून बघू’ म्हणालं, तर कितीही मोठं माणूस असो, ऐकू नका.