पुढच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) बसवला तर स्टिअरिंग जड होतं का?

लॉक असताना होतं, आणि चांगलंच होतं. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. लॉकर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवतो, त्यामुळे गाडी सरळच जायला बघते. चिखलात, वाळूत चाकं घसरून जुळवून घेतात, पण घट्ट खडकावर स्टिअरिंग अक्षरशः हातातून ओढून घेतं.

एअर किंवा इलेक्ट्रिक, म्हणजे बटणाचा लॉकर असेल तर बंद असताना काहीच फरक जाणवत नाही. ऑटोमॅटिक, म्हणजे आपोआप लॉक होणाऱ्या आणि सुटणाऱ्या लॉकरचं तसं नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून वळलात की तो आतल्या चाकालाच जोर देतो, बाहेरचं नुसतं पुढे पळतं आणि स्टिअरिंग जड होतं; पाय उचलला की स्टिअरिंग लगेच हलकं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलला ताकदच जात नाही, त्यामुळे तो फारसा जाणवत नाही. फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सोडवणारे) उघडे असतील तर मुळीच नाही.

खरी भीती स्टिअरिंगपेक्षा सीव्ही जॉइंटची, म्हणजे वळलेल्या चाकापर्यंत ताकद पोचवणारा सांधा तुटण्याची. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, लॉकर चालू आणि वर रेस दिली, की ‘कट्’ आवाज आलाच समजा. अडकलात तर चाकं सरळ करा, थोडं मागे घ्या, मग वळा.

माझं मत विचाराल तर पुढे बटणाचाच घ्या. डांबरी रस्त्यावर मात्र तो चालू करायचा नाही.