पहिल्या 50 किलोमीटरच्या आधी

भाऊ, पायवाटेवरच्या 50 किलोमीटर शर्यतीला नाव नोंदवलंस, छान केलंस. आता घड्याळ विसर. डांबरी रस्त्यावर 21 किलोमीटरला अडीच तास, मग पायवाटेवर 50 ला सहा, हे गणित तिथे चालत नाही. चढ चालतच चढायचा. त्यात लाज कसली? मला तर चढ आला की बरं वाटतं, खायला सवड मिळते.

सराव आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर कर, फुटाळा तलावाच्या सपाट रस्त्यावर नको. आठवड्यातून एकदा सलग चार तास पायांवर राहा, धाव नाहीतर चाल.

मोज्यांकडे मात्र नीट बघ. पावसाळा सरला की आपल्याकडचं गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. पहिल्या वर्षी एक कुसळ टोचत होतं, म्हटलं पाणी मिळेल तिथे काढू. तीन किलोमीटरनंतर मोजा घोट्याशी लाल. टोचलं की लगेच थांब, बूट काढ, मोजा उलटा करून झटक. आणि अवकाळी पाऊस झालाच तर काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलवत नाही. काडीनं खरवडत राहायचं, दुसरा उपाय नाही.

डिसेंबरात पहाटे कुडकुडशील, दहाला घामाघूम होशील. ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाल, अर्ध्या बाटलीत ओतलंस तर पोट बिघडतं. संत्र्याच्या फोडी चालतील. तर्री-पोहे मात्र त्या सकाळी नको रे बावा. शर्यत संपल्यावर दोन प्लेट माझ्याकडून.