बेसचा आवाज पत्र्यासारखा का येतो?

प्रश्न : राजारामपुरीत राहतो, हौसेनं बेस गिटार वाजवतो. फेंडरच्या ‘जॅझ बेस’ मॉडेलच्या धर्तीची, दोन पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारी चुंबकी वेटोळी) गिटार आहे. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात आवाज पत्र्यासारखा येतो, आणि एकच पिकअप चालू ठेवला की घूं घूं सुरू. पिकअप बदलू का?

उत्तर : नको, आधी तारा बदला. नव्या राउंडवाउंड (गोल तारेचा वेढा असलेल्या) तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खणखणतातच. फ्लॅटवाउंड लावा. त्यांचा वेढा चपट्या पट्टीचा, म्हणून बोटाखाली गुळगुळीत. वरचा झणझणाट जातो, मूळ स्वर भरीव होतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन फेंडरच्याच ‘प्रिसिजन’ बेसवर अशाच तारा वाजवायचे आणि तुटल्याशिवाय बदलत नसत! संच महाग पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो. ताण बहुधा जास्त असतो. गिटारची मान पुढं वाकली, तर ट्रस रॉड (मानेतली ताण सावरणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा, घाई करू नका.

घूं घूं हा बिघाड नव्हे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गुंजारव पकडतो, मंडपातल्या रोषणाईत तर हमखास. दोन्ही पिकअप बहुधा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात; दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा, तो विरून जाईल. प्रिसिजनच्या १९५७ पासूनच्या दुभागलेल्या पिकअपमध्ये हे आपोआप घडतं.

आणि अ‍ॅम्पचा बेस नॉब पूर्ण फिरवू नका. मोकळ्या ‘ई’ तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, लहान स्पीकरला तो पेलत नाही. मिडल (मधल्या स्वरांचा नॉब) थोडा वाढवा, ढोलकीच्या गजरातही तुमची ओळ ऐकू येईल.