चाळिशीत अभिजात मराठी वाचनाची सुरुवात कुठून करावी?

चाळिशीत जुन्या मराठी पुस्तकांची गोडी लागते का, असं तुम्ही विचारलंय. लागते, आणि माझ्या मते जास्त खोल लागते. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी शाळेत भेटते ती पाच मार्कांच्या प्रश्नापुरती. संसार पाहिलेल्या माणसाला मात्र तिची नायिका यमू हिच्या सासरचं एकेक वाक्य टोचतं. हरिभाऊ आपट्यांनी ती १८९० च्या सुमारास ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली, म्हणून तुम्हीही रोज एकच प्रकरण वाचा. पहिल्या काही पानांत भाषा जड वाटेल, मग कान सरावतो.

त्याआधी सोपी पायरी हवी असेल तर वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी घ्या. आपल्या कोल्हापुरात राहिलेला लेखक! ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. विशीत वाचताना आपण एकाचीच बाजू घेतो. आता देवयानीचंही पटायला लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

विकत घ्यायची घाई नको. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून आहे, तिथे सभासद व्हा. कपाटापाशी उभं राहून दोन पानं वाचायची, जमलं तर घरी न्यायचं. नाही रुचलं तर बिनधास्त परत करा, दुसरं घ्या.