‘आई काहीच टाकू देत नाहीत’

‘घर हलवायचं ठरलंय, पण सासूबाई एक डबासुद्धा टाकू देत नाहीत. रोज भांडणं. काय करू?’ मुंबईत जुन्या इमारती एकामागोमाग पुनर्विकासाला निघाल्यापासून हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वारंवार येतो. कधी सून विचारते, कधी मुलगा, कधी परदेशातली लेक. गिरगावातल्या एका कुटुंबाची हकिकत सांगते, उत्तर तिच्यातच आहे. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी, १९४० च्या आधीची. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, वर माळा, बाहेर सामायिक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. घरात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. खोली रिकामी करायची तारीख ठरली होती. विकासक भाडं देणार होता, त्यातून कांदिवलीला वन बीएचके भाड्याने घेतला होता. तीन वर्षांनी परत यायचं आणि नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळायचं, असा करार.

सून आली ती वही घेऊन. टेम्पोवाल्यांचे दर, खोक्यांची संख्या, एसी काढणाऱ्याचा नंबर, सगळं लिहिलेलं. बाई कामाला चोख. तरी पहाटे तीनला दचकून जाग यायची, ऑफिसात डोळ्यांत पाणी यायचं. ‘मी माळ्यावरून वस्तू खाली काढते आणि संध्याकाळी आई ती नातवाकडून परत वर चढवतात,’ ती म्हणाली. ‘हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मधे पडत नाहीत.’

मी विचारलं, ‘आईंनी कांदिवलीचं घर पाहिलंय?’

‘नाही. गुडघे दुखतात त्यांचे. म्हटलं, कशाला दगदग.’

पुढच्या वेळी आजींना टॅक्सीने घेऊन या, असं सांगितलं. शहात्तर वर्षांच्या आजी. सुनेला बाहेर बसवून आम्ही दोघीच बोललो. आधी बराच वेळ वस्तूंबद्दल बोलणं झालं: तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, लग्नातली ट्रंक, यजमानांची लोखंडी घडीची खुर्ची. मी ऐकत राहिले. वस्तूंबद्दल बोलू द्यावंच लागतं, लगेच ‘तुम्हाला नेमकं काय वाटतं’ असं विचारलं की वयस्कर माणूस बंद होतो. मग त्या आपणहून म्हणाल्या, ‘बाई, पलीकडच्या गल्लीतली माणसं अशीच तीन वर्षांसाठी गेली. दहा वर्षं झाली, अजून पायासुद्धा नाही. त्यातले काही तिकडेच देवाघरी गेले. मी परत येईन का, हे तू सांगू शकतेस?’

मी म्हणाले, ‘नाही आजी. ते मला सांगता येणार नाही.’

‘होईल हो सगळं व्यवस्थित’ असं अशा वेळी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. या शहरात रखडलेले प्रकल्प आहेत, ते तिने डोळ्यांनी पाहिलेत. तिची भीती खरी आहे आणि खऱ्या भीतीला खोटा दिलासा दिला की पुढचं एकही वाक्य ती मनावर घेत नाही. घरात सगळे तिला हेच सांगत होते. म्हणून ती भांड्यांवर अडून बसली होती. सामान माळ्यावर आहे तोवर आपण इथल्या आहोत, एवढा तिचा हिशोब होता.

सून आत आल्यावर मी विचारलं, ‘नव्या घरासाठी पात्रता सिद्ध करायच्या वेळी कागद कुठून काढलेत?’ जुन्या भाडेपावत्या, विजेची बिलं, सासऱ्यांच्या नावाचं रेशन कार्ड. सून क्षणभर थांबली. ‘आईंच्या ट्रंकेतून.’ म्हणजे जिच्या जपून ठेवण्याने घराचा हक्क सिद्ध झाला, तिलाच महिनाभर सगळे ‘कचरा साठवते’ म्हणत होते. मी त्यावर काही बोलले नाही. सूनच म्हणाली, ‘हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.’

मग कामाचं बोललो. ‘हे टाकायचं का?’ हा प्रश्न घरात बंद करायचा. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, तुम्हाला-मला विचारलं तरी. त्याऐवजी विचारायचं, ‘हे तिकडे कुठे ठेवायचं?’ पण त्यासाठी ‘तिकडे’ बघितलेलं हवं. त्याच आठवड्यात मुलाने रजा टाकून आईला कांदिवलीला नेलं. मेजरिंग टेप घेऊन गेले. वर्तमानपत्रं जोडून खाटेच्या मापाचा कागद जमिनीवर अंथरला, कपाटाचाही अंथरला. आजींची खाट कुठे, देव कुठे, हे आधी ठरलं आणि ते आजींनी ठरवलं. बाकीच्यांचं त्यानंतर. बंबाचा निकाल तिथेच लागला. ‘इथे निखारे कुठे पेटवू?’ असं म्हणून त्यांनीच तो भाचीच्या गावच्या घरी पाठवायचा ठरवला. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावत नव्हतं, हेही त्या दिवशीच कळलं. चाळीतून ते दोरांनी गॅलरीवरून उतरवावं लागणार होतं, वर कांदिवलीत चढवायची मजुरी वेगळी. ते दिराकडे ठेवलं.

दुसरी गोष्ट मी सांगितली ती वाटणीची. ज्याची वस्तू, निर्णय त्याचा. स्वयंपाकघरात रोज जिचा हात चालतो, तिथला शब्द तिचा. माळ्यावरचं सामान या हिशोबाने लावलं तर निम्मं मुलाचं निघालं! बंद पडलेला कॉम्प्युटर, कॅसेटी, क्रिकेटचे पॅड, जुने पगाराचे कागद. इतके दिवस भांडण सासू-सुनेचं चाललं होतं आणि ज्याचा पसारा तो गॅलरीत उभा. त्यानंतर माळा त्याच्याकडे लागला. बहुतेक घरांत असा एक शांत माणूस असतो, त्याचा ढीग आधी बाहेर काढा.

पाट्यावरून मात्र एकमत झालं नाही. सुनेच्या मते ते निव्वळ ओझं, मिक्सर आहेच. पण तो आजींच्या वाट्यातला होता, म्हणून गेला.

बाकी व्यवस्था सुनेला सांगायची गरज नव्हती, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं. सुरुवात माळ्यापासून करा, स्वयंपाकघर शेवटी. रोज तासभर, एकच फळी, आणि रात्रीच्या जेवणानंतर त्या विषयाला हात नाही. थकलेल्या माणसांची भांडणं चिघळतात. नव्या सोसायटीत सामान चढवायच्या वेळा आणि लिफ्टचे नियम आधी विचारा, काही ठिकाणी रविवारी परवानगी नसते. करार, भाडेपावत्या, औषधं, दागिने टेम्पोत चढवायचे नाहीत, ते अंगावरच्या पिशवीत. जुने कपडे बोहारणीला, पितळ-तांबं भांडेवाल्याला, पण वजन घरच्या माणसाच्या समोर व्हावं.

वयस्कर माणसासाठी पहिले काही आठवडे जास्त जपायचे असतात. रात्री उठल्यावर आपण कुठे आहोत हे त्यांना उमगत नाही, भिंत भलत्याच बाजूला येते, आणि पडायला होतं. खाटेची बाजू जुन्या घरासारखी ठेवा, संडासापर्यंत उजेड ठेवा, वाटेत खोकी नकोत. त्यांची औषधं आणि चष्मा पहिल्याच दिवशी जागेवर लागले पाहिजेत. गोंधळ वाढतच गेला, माणसं ओळखण्यात चूक व्हायला लागली तर ‘नवी जागा आहे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. शेजाऱ्यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. चाळ पांगते तेव्हा सगळ्यांत मोठं नुकसान शेजाराचं असतं, आणि तो खोक्यात भरता येत नाही. या आजी रोज दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलतात. त्या आता विरारला असतात.

सुनेची झोप घर हलायच्या आधीच सुधारली होती. तशी सुधारली नसती, किंवा जगणं नकोसं वाटतं असं काही ती बोलली असती, तर मी तिला लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तुमच्यापैकी कुणाचं तसं होत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांच्या हातात आठवडाच उरलाय, त्यांनी छाननी आत्ता करूच नये. आजींचं सगळं सामान खोक्यात भरा, वर त्यांचं नाव घाला आणि तसंच न्या. उघडायचं ते त्यांनी, नव्या घरात, त्यांच्या सवडीने.